बाबांचा पेला आणि बाबांच्या गोळ्या

पत्र थोडक्यात : सांगलीतल्या एका शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या वाचक भगिनीचं हे पत्र आहे. वडील 69 वर्षांचे. मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी म्हणून त्यांनी उभं आयुष्य काढलं. मधुमेह जुना, गुडघेदुखी अलीकडची. दिवाळीपासून ते रोज रात्री साडेनऊला मोठा पेलाभर हळदीचं दूध घेतात. त्यात दोन चमचे हळद, मिरपूड, आणि 'साखर नको, गूळ चालतो' म्हणून गुळाचा खडा. पेला आईच करून देते. गेल्या महिन्यापासून त्यांनी मधुमेहाची गोळी आपल्या मनाने बंद केली आहे. विचारलं तर म्हणतात, 'मिरीनं हळद वीसपट लागू होते' आणि 'अमेरिकेनं हळदीचं पेटंट उगाच घेतलं होतं का?' त्यातच बाईंच्या पुण्याच्या भावाने हळदीच्या अर्काच्या कॅप्सूल पाठवल्या आहेत. बाई लिहितात, 'वर्गात मी मुलांना पुरावा मागायला शिकवते आणि घरात हे थोतांड चाललंय. आई म्हणते, राहू दे गं, दूधच तर आहे. हे बंद कसं करू? आणि प्यायचंच असेल तर निदान बरोबर कृती कोणती?'

ताई,

तुमच्या पत्रात घाईची गोष्ट एकच आहे आणि ती दुधाबद्दल नाही. बाबांची गोळी महिनाभर बंद आहे. तुम्ही ते पत्राच्या मध्यावर, जाता जाता लिहिलंय. माझ्या दृष्टीने ते पहिल्या ओळीत यायला हवं होतं. साखर वाढते तेव्हा माणसाला लगेच काही कळत नाही. थोडी तहान वाढते, रात्री एकदोनदा जास्त उठावं लागतं, आणि या वयात ते सगळं वयाच्या खात्यावर मांडलं जातं. म्हणून या आठवड्यातच बाबांच्या डॉक्टरांना गाठा. गोळी किती दिवस बंद आहे ते खरं सांगा आणि पूर्वीचीच मात्रा पुन्हा सुरू करायची का, ते त्यांनाच ठरवू द्या. उपाशीपोटीची, जेवणानंतरची साखर आणि तीन महिन्यांच्या सरासरीची एचबीएवनसी तपासणी करून घ्या. दुधाचा वाद त्यानंतर निवांत घालता येईल.

डॉक्टरांकडे जाण्याआधी बाबांना एक प्रश्न मात्र विचारा, आणि तो आरोपासारखा विचारू नका : गोळी घेतल्यावर काय होत होतं? मधुमेहाच्या नेहमीच्या गोळ्यांनी काहींना पोटात गुरगुरतं, जुलाब होतात, तोंडाची चव जाते. आपल्याकडचे वडीलधारे हे मुलीला सांगत नाहीत, डॉक्टरांनाही सांगत नाहीत. ते गुपचूप गोळी बंद करतात आणि विचारलं की एखादं भारदस्त कारण पुढे करतात. हळद हे तसं कारण असू शकतं. तसं निघालं तर उपाय सोपा आहे. गोळी जेवणासोबत घेणं, पोटात औषध हळूहळू सोडणाऱ्या प्रकारातली घेणं किंवा औषधच बदलणं, यातलं काहीतरी डॉक्टर करू शकतात. तुम्ही इतके दिवस भांडताय ते हळदीशी, आणि दुखणं कदाचित भलतीकडेच असेल.

आता 'थोतांड' या शब्दाकडे येते. तो शब्द वाचून मी थोडी थबकले. तुमचे बाबा हळदीत वाढलेले आहेत. हळकुंड मोडून आतला रंग बघायचा, ते कडकडीत वाळलंय की नाही हे आवाजावरून ओळखायचं, गड्डे वेगळे, कणी वेगळी, राजापुरी जातीचा ढीग कुठला आणि सेलमचा कुठला हे लांबून सांगायचं, असं ज्याचं आयुष्य गेलं त्याला घरात कोणी आता हळदीबद्दल काही विचारत नाही. सांगलीच्या हळदीला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. ते ज्यांच्या हातांनी मिळवलं त्या पिढीतले ते एक आहेत. अशा माणसाला त्याची लेक 'हळदीत काही नाही' असं म्हणते तेव्हा त्याला ऐकू येतं ते वेगळंच. मग पेल्यातली हळद एक चमच्यावरून दोन चमच्यांवर जाते. मला वाटतं, तुमच्या घरात तेच झालंय.

आणि हळदीत काही नाही, हे खरंही नाही. तुम्ही विज्ञान शिकवता, म्हणून नीट मांडते. हळदीच्या पुडीत साधारण 3 ते 5 टक्के कर्क्युमिन असतं. पिवळा रंग त्याचाच, आणि संशोधन होतं तेही मुख्यतः त्याच्यावर. गुडघ्याच्या झिजेवर कर्क्युमिनच्या अर्काचे काही छोटे अभ्यास झाले आहेत आणि त्यांत दुखणं थोडं कमी झाल्याचं दिसलं आहे. पण ते अर्काचे अभ्यास आहेत, दुधाचे नाहीत. सपाट चमचाभर हळद म्हणजे अंदाजे 3 ग्रॅम, त्यात कर्क्युमिन फार तर दीडशे मिलीग्रॅम, आणि त्यातलं बरंचसं अंगाला न लागताच बाहेर पडतं.

मिरीची गोष्ट इथेच येते. बाबा म्हणतात ते 'वीसपट' हवेतलं नाही. 1998 मध्ये बंगळुरूच्या संशोधकांनी माणसांना 2 ग्रॅम शुद्ध कर्क्युमिन दिलं, सोबत मिरीतलं 20 मिलीग्रॅम पायपरीन दिलं, आणि रक्तातलं शोषण 2000 टक्क्यांनी वाढलेलं आढळलं. पण नुसतं कर्क्युमिन दिलं तेव्हा रक्तात ते जवळजवळ सापडतच नव्हतं. नाहीच्या बरोबर असलेल्या गोष्टीची वीसपट कितीशी होणार? शिवाय 2 ग्रॅम कर्क्युमिन हळदीतून घ्यायचं तर मूठभर हळद खावी लागेल. म्हणून पेल्यात मिरी जरूर घाला, चव सुधारते, घशाला बरं वाटतं, शोषणही थोडं वाढेल. तिच्या भरवशावर गोळी सोडायची नाही, एवढंच.

पेटंटचंही तसंच. 1995 मध्ये अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला हळदीचं पेटंट मिळालं होतं, ते जखम भरण्यासाठी हळद वापरण्याचं. डॉ. रघुनाथ माशेलकर प्रमुख असताना आपल्या सीएसआयआरने, म्हणजे वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने, त्याला आव्हान दिलं, जुन्या ग्रंथांतले दाखले पुढे ठेवले आणि 1997 मध्ये ते रद्द झालं. रद्द झालं कारण त्यात नवीन काही नव्हतं, आपल्याकडे ते आधीपासून माहीत होतं. बाबांना याचा अभिमान वाटतो तो रास्त आहे, मलाही वाटतो. पण त्या खटल्यात मधुमेहाचा 'म' सुद्धा नव्हता. हे त्यांना सांगताना आधी अभिमानाचा भाग सांगा, मग दुसरा.

त्यांच्याच कामातली एक गोष्टही त्यांना आठवून द्या. सांगलीजवळच्या हरिपूरच्या पेवांत हळद वर्षानुवर्षं टिकायची, कारण जमिनीखाली बंद केलेल्या त्या खड्ड्यात प्राणवायू उरत नसे आणि कीड जगत नसे. त्याच कारणासाठी पेव उघडलं की लगेच कोणी आत उतरत नसे. कितीही जुना, अनुभवी हमाल असो, आधी पेव उघडं ठेवून हवा खेळू देत, आत जिवाला धोका नाही याची खात्री करत आणि मगच उतरत. तिथे कोणी अनुभवावर विसंबत नसे. गोळी बंद करण्याआधी रक्त तपासणं हे तेवढंच आहे. 'बाबा, पेवात न बघता उतरला असता का?' हा प्रश्न माझ्या मते तुमच्या सगळ्या युक्तिवादांपेक्षा त्यांना लवकर भिडेल.

गुळाबद्दल मात्र स्पष्ट बोलावं लागेल, कारण हा गैरसमज आपल्या भागात घरोघरी आहे. गूळ उसाचाच आणि साखरही उसाचीच. गुळात लोह आणि क्षार थोडे जास्त असतील, पण रक्तातली साखर वाढवण्यात गूळ साखरेला फारसा मागे नाही. त्यात दूध स्वतः गोडच. पेलाभर, म्हणजे 200 मिलिलिटर दुधात सुमारे 10 ग्रॅम दुग्धशर्करा असते. रात्री जेवण झाल्यावर वर गूळ घातलेला मोठा पेला, आणि गोळी बंद. आई म्हणते 'दूधच तर आहे', पण बाबांच्या बाबतीत ते नुसतं दूध उरलेलं नाही.

म्हणून 'बंद कसं करू' याचं माझं उत्तर असं, की बंद करू नका, लहान करा. मोठा पेला जाऊन चहाचा कप येऊ दे, दोन चमचे जाऊन पाव चमचा येऊ दे, गूळ पूर्ण जाऊ दे. आणि डॉक्टरांसमोर बाबांनाच विचारू द्या, 'मी रात्री एवढं हळदीचं दूध घेतो, चालेल का?' बहुतेक डॉक्टर एवढ्याला हो म्हणतील. तो होकार बाबांनी स्वतः मिळवलेला असेल, आणि त्यासोबत गोळीची अट आली तर ती पाळायला जड जाणार नाही.

आता कृती. 'बरोबर' कृती एकच असते असं तुम्ही धरून चाललाय, तसं नाही. कोणाकडे तूप सोडतात, कोणाकडे सुंठ, कोणाकडे नुसती हळद आणि साखर. पण एक गोष्ट बहुतेक घरांत चुकते. उकळतं दूध पेल्यात ओततात आणि वरून हळद टाकून ढवळतात. अशी हळद शिजत नाही, तिचा कच्चट, मातकट वास राहतो, तोंड कडू होतं आणि पूड तळाशी बसते. मग तो वास मारायला गूळ लागतो. म्हणजे गुळाची गरज पुष्कळदा कच्च्या हळदीने निर्माण केलेली असते.

आयुर्वेदात क्षीरपाक म्हणून पद्धत आहे. औषधाच्या आठपट दूध, दुधाच्या चौपट पाणी, आणि पाणी आटून दूध उरेपर्यंत मंद आचेवर उकळायचं. घरी एवढं काटेकोर करण्याची गरज नाही, पण त्यातलं पाण्याचं तत्त्व उचला. छोट्या पातेल्यात अर्धी वाटी पाणी घ्या. पाव चमचा हळद, दोन मिरे खलबत्त्यात नुसते ठेचून (पीठ करू नका, घशाला लागतं), चिमूटभर सुंठ आणि बोटाच्या पेराएवढा दालचिनीचा तुकडा त्यात टाका. मंद आचेवर चारपाच मिनिटं उकळू द्या. आधी हळदीचा कच्चा वास वर येतो, आणि मग एका क्षणी तो वास बदलतो, ऊबदार होतो, दालचिनीचा गोडसर वास त्यात मिसळतो. पाणी निम्मं होऊन गडद केशरी दिसायला लागतं. तेव्हा कपभर दूध घालायचं आणि एक उकळी आली की आच बारीक करून आणखी दोन मिनिटं. शेवटी वेलदोड्याची पूड, गाळणीने गाळून कपात. दालचिनी आणि वेलदोडा असले की गोडाची आठवण कमी होते. पहिले चार दिवस बाबा कुरकुरतील, मग जीभ सरावते.

कर्क्युमिन पाण्यात विरघळत नाही, स्निग्धात विरघळतं. म्हशीचं सायीसकटचं दूध असेल तर वेगळं तूप नको. साय काढलेलं दूध असेल तर पाव चमचा तूप पुरे. रीलमध्ये दाखवतात ते खोबरेल तेल, बदामाचं दूध यांची सांगलीत काही गरज नाही. ज्यांना दूधच पचत नाही, पोट फुगतं, त्यांनी मात्र बदामाचं दूध घ्यायला हरकत नाही.

ज्या वाचकांना मधुमेह नाही त्यांनी गूळ घालायचा तर गॅस बंद करून, दूध जरा निवल्यावर घालावा. उकळत्या दुधात गूळ घातला की पुष्कळदा दूध नासतं. आल्याचंही तेच. ओल्या आल्यात दूध फाडणारं एक विकर (एन्झाइम) असतं. उकळत्या पाण्यात आलं आधी शिजवून घेतलं की त्याचा जोर जातो, नाहीतर सरळ सुंठ वापरावी. पौष-माघात हळदीची काढणी चालू असते तेव्हा बाजारात ओली हळद मिळते. ती मिळाली तर पेरभर तुकडा किसून त्याच पाण्यात उकळा. पुडीपेक्षा तिचा वास ताजा, आंब्याच्या चिकाकडे झुकणारा असतो. किसणी आणि बोटं दोनतीन दिवस पिवळी राहतील, त्याला इलाज नाही.

हळद कुठली घ्यावी, हे मी तुमच्या बाबांना सांगणं बरं दिसणार नाही. इतर वाचकांसाठी सांगते. शक्य असेल तर हळकुंडं घेऊन गिरणीतून दळून आणा. फार झगझगीत पिवळ्या रंगाला भुलू नका, कारण चकाकीसाठी लेड क्रोमेटसारखा शिशाचा रंग चढवल्याची प्रकरणं उघडकीला आली आहेत, आणि शिसं लहान मुलांच्या मेंदूला फार वाईट. पेलाभर पाण्यात चमचाभर पूड टाकून न ढवळता ठेवा. चांगली हळद तळाशी बसते आणि पाणी फिकट पिवळं होतं. पाणी एकदम गडद झालं तर ती हळद वापरू नका. अख्खं हळकुंड पाण्यात टाकलं तर त्याने जवळपास रंग सोडायलाच नको.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, पण पत्र वाचताना माझ्या मनात राहिली. हा पेला रोज रात्री आई करते. 'राहू दे गं' असं त्या म्हणतात त्यात बाबांच्या बाजूने बोलणं किती आणि घरातला वाद मिटवणं किती, हे मला इथून सांगता येणार नाही. दिवसभराचं आवरून झाल्यावर पुन्हा पातेलं चढवायचं, पिवळं पडलेलं गाळणं घासायचं, हे त्यांनाही कधीतरी नको होत असेल. हळदीतलं ज्याला इतकं कळतं त्याने आपला कप आपण करायला काय हरकत आहे? एका रविवारी तुम्ही आणि बाबा मिळून वर सांगितलेल्या पद्धतीने करून बघा. पाणी किती आटवायचं, हळद शिजली कधी, हे त्यांना ठरवू द्या. त्यांचं नाक तुमच्या-माझ्यापेक्षा तयार आहे. आईसाठीही एक कप त्यांनीच करावा.

गुडघ्यांसाठी या कपाकडून थोडा आराम, चांगली झोप एवढी अपेक्षा ठेवा. खरं काम मांडीच्या स्नायूंच्या व्यायामाने आणि वजन थोडं उतरवल्याने होतं. फिजिओथेरपिस्टकडून ते व्यायाम एकदा समजून घ्या.

ज्यांच्या घरी असाच पेला रोज होतो त्यांनी काही गोष्टी ध्यानात ठेवाव्या. लोहाची गोळी दुधासोबत घेऊ नये, दुधातलं कॅल्शियम लोह शोषू देत नाही आणि जास्त हळदही त्यात अडथळा आणते. आपल्याकडे पुष्कळ बायका रात्री हळदीच्या दुधासोबतच ती गोळी गिळतात आणि मग हिमोग्लोबिन का वाढत नाही म्हणून चिंता करतात. थायरॉइडची गोळी आणि दूध यांत चार तासांचं अंतर हवं. पित्ताशयात खडे असतील, मुतखड्याचा त्रास होऊन गेला असेल किंवा रक्त पातळ होण्याची गोळी चालू असेल, तर भाजीआमटीतली हळद ठीक, रोजच्या जादा हळदीबद्दल डॉक्टरांना विचारा. वर्षाच्या आतल्या बाळाला हे दूध पाजू नका.

राहता राहिल्या भावाच्या कॅप्सूल. त्या मात्र बंदच ठेवा. बाजारातल्या अशा पुष्कळ कॅप्सूलमध्ये 500 मिलीग्रॅमच्या आसपास अर्क असतो, म्हणजे एका कॅप्सूलमध्ये चार चमचे हळदीएवढं कर्क्युमिन, आणि वर मिरीचा अर्क. इटलीत आणि अमेरिकेत अशा कॅप्सूल घेणाऱ्या काही जणांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद आहे. शिवाय मिरीचा अर्क काही औषधांचं शरीरातलं प्रमाण बदलतो, आणि बाबांना रोजचं औषध आहे. भावाला रागावू नका, लांब राहून त्याला जे सुचलं ते त्याने केलं. त्याला सांगा, डॉक्टरांकडे जायच्या दिवशी ये आणि डबी त्यांना दाखवून झाली की परत घे. बाबांना गाडीवर मागे बसवून नेण्यापेक्षा त्याच्या चारचाकीतून नेलं तर गुडघ्यांना बरं. जाताना जुन्या तपासण्यांचे कागद, बंद केलेल्या गोळीची पट्टी आणि कॅप्सूलची डबी एका पिशवीत घाला, म्हणजे डॉक्टरांना सगळं एकत्र बघता येईल.